आडव्या पावसाची तयारी

हवामान खात्याच्या इशाऱ्यात दोन आकडे असतात, आणि आपण बहुतेक वेळा त्यांतला पहिलाच वाचतो. पहिला आकडा पावसाचा: चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून पुढे अति मुसळधार. दुसरा वाऱ्याचा: ‘ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा’. छत्री किंवा रेनकोट घेताना विचार करायला हवा तो या दुसऱ्या आकड्याचा. सरळ पडणारा पाऊस कितीही मोठा असो, साध्या छत्रीतही माणूस बऱ्यापैकी कोरडा राहतो. आडव्या पावसात मात्र हलकी सर आली तरी तो कमरेखाली निथळतो.

याचा हिशोब सोपा आहे. दोन मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे मध्यम आकाराचा थेंब ताशी साधारण २३ किलोमीटर वेगाने खाली येतो. हवेचा रोध त्याच्या वजनाला तोलून धरतो, त्यामुळे त्याचा वेग याहून वाढत नाही. त्याला बाजूने ताशी ४० चा वारा लागला की त्याची वाट उभ्या रेषेपासून ६० अंशांनी कलते. अशा वेळी मीटरभर रुंदीची छत्री डोक्यावर सरळ धरली, तर तिच्या काठाखाली जेमतेम दीड वीत उंचीचा भाग कोरडा राहतो. डोकं आणि फार तर खांदे वाचतात, बाकी सगळं पावसात. मरीन ड्राइव्हवर, रत्नागिरीच्या भाट्ये पुलावर किंवा पाचगणीच्या पठारावर जुलैत उभं राहिलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

वाऱ्याचा जोर सांगणारी एक जुनी श्रेणी आहे. ब्रिटिश नौदलातले अधिकारी फ्रान्सिस बोफर्ट यांनी १८०५ च्या सुमारास ती घालून दिली, जहाजाच्या शिडांवरून. पुढे तिला जमिनीवरच्या खुणाही जोडल्या गेल्या. तिच्या सहाव्या पायरीची खूण आजही अशी सांगतात: झाडांच्या मोठ्या फांद्या हलतात, तारा शीळ घालतात आणि छत्री सांभाळणं कठीण होतं. ही पायरी ताशी ३९ ते ४९ किलोमीटरची. आपल्याकडच्या इशाऱ्यातले ‘४० ते ५०’ नेमके तिथेच येतात. छत्रीची हद्द कुठे संपते हे इतक्या स्पष्टपणे लिहून ठेवलेलं असताना आपण दरवर्षी त्या हद्दीपलीकडे छत्री नेतो आणि मग छत्रीवाल्याला दोष देतो.

छत्री उलटते कशी, हे कळलं तर ती धरायची कशी हेही कळतं. वेधशाळेत वाऱ्याचा वेग मोजायला वाट्यांचं फिरतं यंत्र असतं. वाटीच्या पोकळ बाजूला वारा जेवढं ढकलतो, त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकंच बळ फुगीर बाजूला बसतं. या फरकामुळेच ते यंत्र फिरतं. उघडलेली छत्रीही वाटीच आहे. मीटरभर रुंदीच्या छत्रीत ताशी ४० चा वारा आतून शिरला, तर दांड्याला अंदाजे ८ किलो वजनाइतका हिसका बसतो. तीच छत्री झुकवून तिची पाठ वाऱ्याकडे केली की तो अडीच किलोच्या आसपास येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बळ चौपट होतं. ताशी ८० च्या झोतात आतून बसणारा ओढा ३२ किलोच्या घरात जातो. तिथे मनगटही टिकत नाही आणि काडीही. म्हणून छत्रीची पाठ कायम वाऱ्याकडे हवी, आणि दांडा शेवटच्या मुठीत न धरता वर, छातीजवळ धरायला हवा. इमारतीचा कोपरा, रेल्वे पुलाचा जिना आणि दोन टॉवरमधला बोळ या जागांवर वारा दिशा बदलतो, कधी खालून येतो. तिथे पोहोचायच्या आधी छत्री अर्धी मिटवणं शहाणपणाचं.

विकत घेताना काय बघायचं, हे दुकानदारापेक्षा छत्री दुरुस्त करणारा जास्त चांगलं सांगतो. जूनमध्ये फुटपाथवर पेटी मांडून बसणाऱ्या माणसासमोर दहा मिनिटं उभं राहिलं की एक गोष्ट लक्षात येते. त्याच्याकडे येणाऱ्या छत्र्यांचं कापड बहुधा धडधाकट असतं, मोडलेला असतो तो सांधा. तो छत्री उलटी मांडीवर घेतो, काडी जिथे आधाराच्या काडीला जोडलेली असते तिथला वाकलेला पत्रा पकडीने सरळ करतो, झिजलेली बारीक तार ओढून काढतो, नवी ओवतो आणि टोकाची टोपी दोऱ्याने पुन्हा कापडाला शिवतो. “ताई, लांब छत्री घ्या, तिला मोडायला जागा कमी,” असं असाच एक दुरुस्तीवाला मला म्हणाला होता, आणि यापेक्षा नेमका सल्ला कुठल्याही वेष्टनावर छापलेला नसतो. लांब दांड्याच्या छत्रीत प्रत्येक काडीला एकच सांधा असतो. तीन घड्यांच्या छत्रीत तेच सांधे वाढतात, शिवाय दांडाही तुकड्यांचा. बटण दाबून उघडणारी आणि मिटणारी असेल तर आत स्प्रिंग आणि दोरीही आली. पर्समध्ये मावणारी छत्री जवळ असावी जरूर, पण ती ऑक्टोबरच्या अवचित सरीसाठी. जुलैच्या वाऱ्यात तिच्यावर भरवसा नको.

काड्यांचं सांगायचं तर, पूर्वी त्या वेताच्या किंवा देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्यांच्या असत. १८५२ मध्ये इंग्लंडमधल्या सॅम्युअल फॉक्सने पन्हळीच्या आकाराची पोलादी काडी आणली आणि छत्री हलकी, स्वस्त झाली. आजही साध्या छत्र्यांत तीच काडी असते. तिची खोड एकच: एका हद्दीपर्यंत ती वाकून सरळ होते, त्यापुढे पन्हळ एका जागी चेपते आणि मग ती कायमची त्याच जागी वाकते. समुद्रकिनारी ती गंजते तेही त्याच चेपलेल्या जागेपासून. फायबरग्लासची काडी गंजत नाही आणि धनुष्यासारखी वाकून पुन्हा सरळ होते. छत्री उलटली तरी बहुधा नुकसान न होता पूर्ववत करता येते. माझं मत स्पष्ट आहे: कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर काड्या फायबरच्या आणि दांडा पोलादी किंवा जाड फायबरचा घ्या. हलक्या ॲल्युमिनियमच्या दांड्याला भुलू नका.

दुहेरी कापडाच्या छत्र्याही मिळतात. वरच्या घुमटाला मोठं भोक आणि त्यावर दुसरं कापड झापेसारखं. आत शिरलेला वारा त्या फटीतून निसटतो, पाऊस वरच्या कापडावरून वाहून जातो. ही रचना खरोखर उपयोगी आहे, फक्त ती फट नावापुरती शिवलेली नाही ना, हे आत बोट घालून पाहा. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने याहून पुढे जाऊन मागे लांब आणि पुढे आखूड अशी छत्री वाऱ्याच्या बोगद्यात तपासून बनवली. ती आपली पाठ आपोआप वाऱ्याकडे वळवते. आकाराच्या बाबतीत एवढंच, की छत्रीचा ‘२३ इंची’ हा आकडा काडीच्या लांबीचा असतो. उघडल्यावर रुंदी साधारण मीटरभर भरते. एकट्या माणसाला वाऱ्यात याहून मोठी छत्री म्हणजे जास्तीचा ओढा. आणि वीज कडाडत असेल तर उघड्या माळावर किंवा शेतात कुठलीच छत्री नको, पक्क्या घराचा आसरा घ्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप आसपास वीज पडण्याची शक्यता आधी कळवतं. शेतावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असावं.

ज्यांना दोन्ही हात मोकळे हवेत आणि दिवसभर वाकून राहायचंय, त्यांनी छत्रीचा प्रश्न फार पूर्वी सोडवला. भाताच्या लावणीला घेतात ते इरलं आठवा. बांबूच्या कामट्यांची जाळी, तिच्यात दाबून बसवलेली पळसासारखी रुंद पानं, आणि आकार असा की डोक्यावरून कमरेपर्यंत पाठ झाकावी. माणूस वाकलेला असतो, त्यामुळे पाऊस येतो पाठीवर; पोटाकडची बाजू पूर्ण उघडी, तिथून वारा खेळतो आणि घाम साचत नाही. मेघालयातले खासी शेतकरी वापरतात ते ‘क्नुप’ याच बांधणीचं. जगातल्या सर्वांत जास्त पावसाच्या मुलखात आणि आपल्या सह्याद्रीत माणसं एकाच उत्तरावर पोहोचली, याचा मला फार आदर वाटतो. आता बहुतेक ठिकाणी इरल्यावर पानांऐवजी प्लॅस्टिकचा कागद असतो, किंवा नुसतीच मेणकापडाची खोळ. गुराख्याची घोंगडी हाही असाच अनुभवातून आलेला पोशाख. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी वाफेच्या रूपात शोषूनही अंगाला ओली लागत नाही, आणि शोषताना थोडी ऊबही देते. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, तिने ती घट्ट आणि ताठ होते. ती भिजते आणि जड होते हे खरं, पण तिच्यातला माणूस गारठत नाही.

रेनकोटाची गोष्ट इथूनच सुरू होते, कारण पाणी अडवणं हा त्यातला सोपा भाग आहे. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये विरघळवलेल्या रबराचा थर देऊन जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं. कापड पाणी अडवत होतं, पण शिंप्याने त्यात सुई घातली की प्रत्येक टाक्याला एक भोक पडायचं आणि पाणी तिथून झिरपायचं. शिवाय आतला घाम आतच राहायचा. १९२० मध्ये कोलकात्यात सुरेंद्रमोहन बोस यांनी बंगाल वॉटरप्रूफ सुरू केली आणि ‘डकबॅक’चे रेनकोट देशभरातल्या शाळकरी मुलांच्या अंगावर आले. पण शिवण आणि घाम हे मॅकिन्टॉशचे दोन प्रश्न आजच्या महागड्या जॅकेटपुढेही तसेच उभे आहेत.

आधी शिवण. दुकानात रेनकोट हातात घेतला की पहिल्यांदा तो उलटा करा. शिवणीवर आतून पारदर्शक किंवा करडी पट्टी उष्णतेने चिकटवलेली दिसली पाहिजे. नख लावून तिची कड उचकटून पाहा; उचकटली तर तो रेनकोट दुसऱ्या महिन्यात गळणार. खांद्याची, काखेतली आणि पँटच्या बैठकीची शिवण, या तीन जागा नक्की बघा. काही जण फक्त दिसेल तेवढ्याच शिवणीला पट्टी लावतात. मग चेन. चेनवर दोन पदरी झडप हवी, आणि तिच्या आत पाणी खाली वाहून जाईल अशी पन्हळ असेल तर उत्तम. टोपी डोक्याबरोबर वळली पाहिजे, नाहीतर मान वळवली की डोळ्यांसमोर कापड येतं. रस्ता ओलांडताना हा थेट जिवाशी खेळ आहे. शेवटी कापड तोंडाशी धरून जोरात फुंका. हवा सहज आरपार गेली तर त्यावर पाणी अडवणारा लेप नावालाच आहे.

वेष्टनावर लिहिलेला ‘३००० मिमी’ किंवा ‘१०,००० मिमी’ हा आकडा पाण्याच्या स्तंभाचा असतो. कापडावर नळी उभी करून तिच्यात पाणी भरत गेलं, तर किती उंचीपर्यंत ते कापड पाझरत नाही, हे तो सांगतो. १५०० मिमीच्या कापडाला जलरोधक म्हणतात आणि ऑफिसपर्यंत चालत जायला ते पुरतं. पण पाठीवर जड सॅक असेल, तिचे पट्टे खांद्यावर दाबत असतील, किंवा ओल्या सीटवर तासभर बसायचं असेल, तर दाब वाढतो. तिथे १०,००० च्या आसपासचं कापड घ्यावं.

आता घाम, आणि इथे आपल्या हवेचा विचार फार थोडे लोक करतात. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचं प्लॅस्टिक झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा मिळवला, त्यातून गोरटेक्स आलं. त्यातली छिद्रं थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा कितीतरी मोठी, म्हणून पाऊस बाहेर राहतो आणि घामाची वाफ निघून जाते. मात्र ही वाफ आपोआप निघत नाही. आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातला फरक तिला बाहेर ढकलतो. घामेजल्या त्वचेजवळ हा दाब साधारण ५३ मिलिबार असतो. युरोपातल्या १० अंशांच्या पावसाळी हवेत बाहेर तो १० च्या आसपास, म्हणजे फरक ४३ चा. मुंबईत जुलैत २७ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असताना बाहेरच ३४ असतो. फरक उरला १९. तेच जॅकेट, तोच पापुद्रा, आणि वाफ ढकलणारं बळ निम्म्याहूनही कमी. त्यात बाहेरचं कापड भिजून चिंब झालं की तेवढीही वाट बंद. पंधरा-वीस हजारांचं परदेशी जॅकेट घालूनही आतून सदरा ओला का होतो, याचं उत्तर हे आहे.

म्हणून कोकण किनाऱ्यावर पैसे पापुद्र्यावर घालण्याऐवजी वारा खेळायच्या सोयींवर घाला. काखेत उघडता येणारी चेन, पाठीवर झडपेखाली जाळी, अंगापेक्षा एक माप मोठा सैल कट, आणि पायी चालणाऱ्याला तर ढगळ पोंचो सर्वांत बरा. सह्याद्रीच्या माथ्यावर गणित बदलतं. तिथे हवा थंड आणि वारा जोरदार, त्यामुळे चांगलं श्वसनक्षम जॅकेट आपली किंमत वसूल करतं. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर किंवा राजगडावर जाणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की जीन्स आणि सुती बनियन घालून जाऊ नका. ओलं सूत अंगाची ऊब खेचून घेतं, आणि अठरा-वीस अंशांतही दमलेला, भिजलेला माणूस वाऱ्यात धोकादायकपणे गारठू शकतो. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे कपडे बांधून न्या. सॅकवरचं बाहेरचं कव्हर वारा उडवून नेतो.

पायांचं थोडक्यात. चिखलणीला आणि गोठ्यात गमबूट हवेतच, कारण लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या जखमेतून शिरतात. शहरात गुडघाभर पाणी तुंबलेलं असेल तर तेच गमबूट वरून भरतात आणि पाय उचलवत नाही. तिथे मागे पट्टा असलेली, बोटं झाकणारी सँडल बरी, आणि त्याहून बरं म्हणजे त्या पाण्यात न उतरणं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तशा दिवशी कुठल्याही रेनकोटाची निवड कामाची नसते.

घेतलेली वस्तू टिकवायची तर ओली घडी घालू नका. रेनकोटाच्या आतला पॉलियुरेथेनचा लेप दमटपणात हळूहळू विघटित होतो. वर्षभर कपाटाच्या तळाशी पडलेला रेनकोट जूनमध्ये चिकट लागतो आणि त्याचे पापुद्रे निघतात, ते यामुळेच. सप्टेंबर संपला की सावलीत पूर्ण वाळवून, घडीऐवजी हँगरवर टांगा. धुताना कपडे मऊ करणारं द्रव्य वापरू नका, त्याने पाणी ओघळून जाण्याचा गुण नष्ट होतो. छत्री अर्धी उघडी ठेवून वाळवा, म्हणजे कापड ताणत नाही आणि सांध्यात पाणी राहत नाही.

दुचाकीवाल्यांचं शेवटी घेतलं, कारण त्यांचं संकट सर्वांत मोठं. मोठा थेंब ताशी ३२ किलोमीटर वेगाने पडत असतो. गाडी ६० च्या वेगात असेल तर तो अंगावर ताशी ६८ च्या वेगाने, जवळजवळ समोरून आदळतो. त्यामुळे पाणी गळ्याशी, बाह्यांच्या टोकाशी आणि चेनमधून आत घुसतं, आणि मांडीच्या खोबणीत तळं साचतं. पँटच्या चार शिवणी नेमक्या तिथेच एकत्र येतात. दुचाकीसाठी जॅकेट आणि पँट असा जोडच घ्या, बैठकीवर अखंड कापड असलेला, गळ्याला वेल्क्रो आणि मनगटाला आत दुसरी लवचिक बाही असलेला. रंग पिवळा किंवा नारिंगी, पाठीवर चमकणारी पट्टी. काळा, गडद निळा आणि राखाडी रंग धुवांधार पावसात ट्रकवाल्याला दिसतच नाहीत. पोंचो दुचाकीवर नको, त्याचा घोळ चाकात किंवा चेनमध्ये जातो.

आणि मागे बसून छत्री उघडणं, हे तर कृपा करून थांबवा. कडेवर लेकरू, एका हातात छत्री, एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई, हे दृश्य आपल्या प्रत्येक तालुक्याच्या रस्त्यावर दिसतं. गाडी ४० ने चालली तरी त्या छत्रीला वाऱ्याच्या सहाव्या पायरीचा मारा बसत असतो, आणि समोरून एसटी गेली की तो क्षणात वाढतो. छत्री उलटायच्या आत बसणाराच मागे ओढला जातो. असे जीव गेलेले आहेत. मागे बसणाऱ्यासाठीही रेनकोट घ्या. तो नसेल तर गाडी बाजूला घेऊन सर ओसरेपर्यंत थांबा.